मुळी कोणाची, मात्रा कोणाची? : झाडीपट्टीतील बालोपचारांचा इतिहास

(१)

आयुर्वेदाचा इतिहास आपल्याकडे अनेकांनी लिहिला आहे. त्यात चरक-सुश्रुत असतात, वाग्भट असतो, राजाश्रय असतो, ग्रंथांचे कालनिर्णय असतात. ज्या हातांनी मुळी खणली, साल काढली, शेंग वाळवली आणि सहाणेवर उगाळून लेकराच्या जिभेला लावली, ते हात मात्र या इतिहासात कोठे दिसत नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत लहान मुलांच्या आजारांवर पिढ्यान्‌पिढ्या जे उपचार होत आले, त्यांचा विचार करू लागले की ही उणीव फार जाणवते. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. जुन्या कागदांत तो चांदा म्हणून सापडतो. गोंड, माडिया, कोलाम, ढीवर, महार, मांग अशा समाजांनी वसलेला हा मुलूख. येथे औषधी वनस्पतींना तोटा नव्हता आणि त्या ओळखणाऱ्या माणसांनाही तोटा नव्हता. तरीही येथली मुले मरत राहिली. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : भारतीय समाजाने जशी श्रमाची वाटणी जातीवर केली, तशीच औषधाच्या ज्ञानाचीही केली. झाड ओळखणे एका समाजाकडे ठेवले आणि त्याची मात्रा ठरवण्याचा, नाव देण्याचा, विद्या म्हणून मिरवण्याचा अधिकार दुसऱ्या समाजाने स्वतःकडे घेतला. या वाटणीची किंमत लेकरांनी मोजली. ही वाटणी मोडली तेव्हा मुले जगली. आणि याचा पुरावा दूर कोठे शोधायला नको, तो गडचिरोलीतच मिळतो.

(२)

प्रथम ग्रंथांची साक्ष काढू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, एक कबुली आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई चारणारे आणि इतर वनवासी लोक औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे ग्रंथकार सांगतो. सुश्रुतही सूत्रस्थानात हेच बोलतो : गुराखी, तापस, व्याध, रानात फिरणारे आणि कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून औषधांची ओळख करून घ्यावी. म्हणजे ज्ञानाचा उगम कोठे आहे याविषयी या दोन्ही संहितांना शंका नाही. पण चरक लगेच पुढे बजावतो की, केवळ नाव-रूप जाणणारा औषधाचा खरा जाणता नव्हे; त्याची योजना, म्हणजे देश-काल-पुरुष पाहून केलेला वापर, जो जाणतो तोच तत्त्वज्ञ. वरवर पाहता यात वावगे काही नाही. औषधाचा योग जाणणे महत्त्वाचे, हे कोण नाकारील? प्रश्न असा की, रानातल्या माणसाला योग कळत नाही हे ठरवले कोणी? ज्या बाईने पाच लेकरांच्या हगवणीत कुड्याची साल किती घ्यावी हे पाहून-चुकून ठरवले, तिला योग कळला नव्हता काय?

ही विद्या शिकण्याचा अधिकार कोणाला, याचेही उत्तर सुश्रुताने दिले आहे. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांना उपनयनपूर्वक शिकवावे. कुलगुणसंपन्न शूद्रालाही मंत्र वगळून व उपनयन न करता शिकवावे, असे काहींचे मत असल्याचे तो नोंदवतो. शूद्रासाठी दार इतके किलकिले. अतिशूद्राचा आणि वनवासीयाचा तर उल्लेखच नाही. त्याच्याकडून मुळी घ्यायची; त्याला विद्या द्यायची नाही.

गंमत अशी की खुद्द वैद्यही धर्मशास्त्राच्या दृष्टीने पवित्र नव्हता. मनुस्मृती वैद्याच्या अन्नाला पुवाची उपमा देते आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला बाहेर ठेवते. देहाला, रक्ताला, मळाला हात लावणारा तो. जातिभेद न पाहता रोग्याजवळ बसणारा तो. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही विसंगती उलगडली आहे. प्रत्यक्ष पाहणीवर आणि तर्कावर उभे राहिलेले वैद्यक वर्णव्यवस्थेला मानवणारे नव्हते. म्हणून त्याच्यावर गोमातेची, देवाब्राह्मणांची आणि पूर्वकर्माची पुटे चढवण्यात आली, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मला ती मांडणी पटते. आयुर्वेदात जे चांगले आहे ते श्रम करणाऱ्यांच्या अनुभवातून आले, आणि जे सडके आहे त्यातले बरेचसे त्याच्या मालकांनी घातले.

(३)

बालवैद्यकाच्या परंपरेत एक नाव आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे : जीवक. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची कथा येते. राजगृहाच्या सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने दासीकरवी तो सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिला. राजपुत्र अभयाने तो पाहिला, जिवंत आहे असे कळताच त्याला वाढवले. हा जीवक तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी गुरूने परीक्षा घेतली : तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती आण. जीवक फिरून परत आला तो रिकाम्या हातांनी. औषधी नाही असे झाडच त्याला सापडले नाही. आणि गुरूने त्याला उत्तीर्ण केले.

पुढे जीवक बुद्धाचा आणि भिक्षुसंघाचा वैद्य झाला. त्याचे बिरुद कोमारभच्च. राजकुमाराने वाढवलेला, असा अर्थ पाली ग्रंथ देतो. काही अभ्यासक त्याचा संबंध कौमारभृत्याशी, म्हणजे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी बालवैद्यकाशी जोडतात. अर्थ कोणताही घ्या, उकिरड्यावर टाकलेले मूल वाढून वैद्य झाले ही आठवण बौद्ध परंपरेने जपली. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचे व जेथे औषधी नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे कोरलेले आहे. झाड सर्वांचे आणि औषधही सर्वांचे, हा विचार या भूमीला परका नव्हता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

आता दुसरा जीवक पाहू. कौमारभृत्यावरचा जो मुख्य ग्रंथ आज उपलब्ध आहे, तो काश्यपसंहिता किंवा वृद्धजीवकीय तंत्र. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये छापला गेला. यातला जीवक ऋचीक ऋषीचा पाच वर्षांचा मुलगा आहे. पोरसवदा म्हणून ऋषी त्याचे ऐकेनात, तेव्हा त्याने कनखलाला गंगेत बुडी मारली आणि सुरकुत्या पडलेला, केस पिकलेला होऊन तो बाहेर आला. म्हणून तो वृद्धजीवक. हे दोन्ही जीवक एकच, असे सिद्ध झालेले नाही. परंतु दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीत टाकलेले लेकरू शिकून वैद्य होते. दुसरीत वैद्याला ऋषीचे कूळ आणि गंगेचे पाणी लागते.

(४)

कौमारभृत्यात ममता पुष्कळ आहे, हे नाकारू नये. नवजात बाळाला कसे न्हाऊ घालावे, बोलता न येणाऱ्या लेकराचे दुखणे त्याच्या हालचालीवरून कसे ओळखावे, दूध बाधले तर काय करावे, हे त्यात बारकाईने आले आहे. पण ही ममता कोणत्या घरातल्या बाळासाठी? सुश्रुताच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या खोलीचे विधान आहे. ब्राह्मणीसाठी पांढऱ्या जमिनीवर बेलाच्या लाकडाची, क्षत्रियेसाठी तांबड्या जमिनीवर वडाची, वैश्य स्त्रीसाठी पिवळ्या जमिनीवर तेंदूची आणि शूद्र स्त्रीसाठी काळ्या जमिनीवर बिब्याची. बिबा म्हणजे ज्याचे तेल अंगाला लागले तर फोड उठतात ते झाड! चंद्रपूरच्या जंगलात तेंदू आणि बिबा दोन्ही मुबलक आहेत. बाळंतपणासाठी त्यांची अशी वाटणी येथल्या कोणा बाईने केल्याचे मी ऐकलेले नाही.

दूध पाजणारी दाई समान वर्णाची असावी, असे चरक सांगतो. म्हणजे दुधालाही वर्ण. काश्यपसंहितेतील लेहनाचा भाग घ्या : सोने दगडावर पाण्यात उगाळून मध-तुपाबरोबर चाटवावे, म्हणजे मूल बुद्धिमान होते, सहा महिन्यांत ऐकलेले सारे ध्यानी धरते. आज हेच सुवर्णप्राशन म्हणून शहरोशहरी पुष्यनक्षत्रावर दिले जाते. ज्या घरात मिठाची ददात, तेथे सोने उगाळणार कोण? शिवाय एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, असे आजचे वैद्यक स्पष्ट सांगते. तो सल्ला ग्रंथाच्या थोरवीपुढे दडपला जातो.

सर्वांत बोलका भाग त्याच संहितेच्या रेवतीकल्पात आहे. गर्भ आणि बाळे हिरावून नेणाऱ्या जातहारिणींचे त्यात वर्णन येते. त्या कोणाच्या संपर्काने लागतात याची लांबलचक यादी दिली आहे. त्या यादीत चांडाळ, पुक्कस, शबर आहेत, कारागिरांच्या बायका आहेत, दारोदार फिरणाऱ्या श्रमण आणि निर्ग्रंथी स्त्रियाही आहेत. मूल का मेले? तर अशा बाईची सावली पडली म्हणून! ग्रंथाने मृत्यूचे कारण शोधले आणि ते कष्टकरी, भटक्या व वेदबाह्य स्त्रीच्या पदराला बांधून दिले. आणि प्रत्यक्षात काय घडत होते? गावोगावी नाळ कापायला, वार उचलायला, बाळ-बाळंतिणीला शेकायला बोलावली जात होती ती मांगाची, महाराची, गोंडाची बाईच. काम होईपर्यंत ती दाई. काम झाले की विटाळ.

(५)

आता आपल्या रानात येऊ. माझी आजी मूल-सिंदेवाहीच्या पट्ट्यात दाईपण करीत असे. तिला अक्षर येत नव्हते. तिच्याकडे कडुनिंबाच्या काठीला टांगलेले एक गाठोडे असे आणि त्यात काय काय असे ते मला आजही मोजून सांगता येते. मुरुडशेंग : पोटात मुरडा आला, लेकरू पाय पोटाशी घेऊन रडू लागले की उगाळून चाटवायची. ती शेंग स्वतःच आतड्यासारखी पिळलेली असते. हिरडा बद्धकोष्ठाला. डिकेमालीचा डिंक पोटफुगीला आणि दात येताना. पळसाचे बी जंतांवर, पण अगदी थोडे. जास्त झाले तर ओकाऱ्या होतात हे तिला पक्के ठाऊक होते. कुड्याची साल आणि कच्च्या बेलाचा गर हगवणीला. धायटीची फुले आवेला. अडुळशाच्या पानांचा रस खोकल्याला. भुईनिंब तापाला. अंगावर दूध कमी असेल तर बाईला शतावरीची मुळी आणि त्याहून आधी पोटभर आंबील व पेज. प्रत्येक औषधाबरोबर ती अन्न सांगत असे, हे मी विशेष नोंदवू इच्छितो.

ही यादी आणि नागपूर-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातील बाळगुटी यांची तुलना केली तर एक गोष्ट ध्यानात येते. हिरडा, मुरुडशेंग दोन्हींत आहेत. पण बाळगुटीतील अतिविष व काकडशिंगी हिमालयातून येतात, जायफळ दक्षिणेतून. चार औषधांचे बालचातुर्भद्र चूर्ण ताप, खोकला, वांती व हगवण यांवर प्रसिद्ध आहे. त्यात नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी. ही बाजारची औषधे आहेत, ज्याच्या हाती पैसा त्याची. आजीचे औषधालय गावाच्या शिवेपासून सुरू होत असे आणि त्याला किंमत नव्हती. किंमत नव्हती म्हणून त्याला मानही नव्हता. तेच झाड पुस्तकात गेले की कुटज, तेच आजीच्या हातात असले की झाडपाला!

गोंड-माडिया भागात हे ज्ञान पुजाऱ्याकडे आणि जाणत्या बायांकडे असते. झाडाशी त्यांचे नाते केवळ उपयोगाचे नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायांकडून झाडांविषयी जे ऐकले त्याचे पुस्तक केले, त्याचे नाव ‘गोईण’, म्हणजे मैत्रीण. ग्रंथातल्या वनस्पतीला गुण-वीर्य-विपाक असतात; येथे झाड हे नात्यातले माणूस असते.

(६)

ही मैत्रीण सरकारजमा केव्हा झाली? १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले आणि १९२७ च्या कायद्याने ती पकड आणखी घट्ट केली. साग जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना हवा होता. त्यापायी मुळी खणणारी बाई आपल्याच रानात चोर ठरली. हिरडा, धायटी, डिंक हे जंगल खात्याच्या हिशेबात ‘गौण वनोपज’ झाले. गौण कोणासाठी? धायटीच्या फुलांशिवाय आसव-अरिष्टे आंबत नाहीत. मुलांना जे अरविंदासव बाटलीतून पाजले जाते त्यालाही धायटी लागते. ती वेचणारीला आठवडी बाजारात मूठभर पैसे मिळतात आणि बाटलीवर तिच्या गावाचेही नाव नसते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने वैद्यांची नोंदणी केली, औषधांचे परवाने ठरवले. हे आवश्यक होते. भोंदूंना आळा हवाच. पण १९६४ मध्ये औषध कायद्यात आयुर्वेदाचा समावेश झाला तेव्हा आयुर्वेदिक औषध कशाला म्हणावे याची कसोटी ठरली ती कायद्याच्या परिशिष्टातील ग्रंथांची यादी. जे ग्रंथात ते शास्त्र, जे तोंडात ते काहीच नाही. ही जुनीच वाटणी आधुनिक कायद्याच्या भाषेत परत आली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक ज्ञानाच्या वापरातून होणाऱ्या लाभात लोकांचा वाटा मान्य केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात देशी कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल असा निर्णय दिला. आणि २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली! चरकाने गुराख्याकडून ऐकले आणि लिहिले. म्हणून आज गुराख्याच्या वंशजाला काही देणे लागत नाही. दोन हजार वर्षांच्या व्यवहाराचा इतका नेमका सारांश दुसरा नसेल.

याविरुद्धचा प्रवाहही याच मातीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मान्य केली. जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक हक्कही त्यात लिहिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगट चालत आले. गावाने एकत्र बसून आपल्या जंगलाचा अभ्यास करायचा, ही त्यामागची रीत. ज्ञान मिळवणे आणि हक्क मिळवणे ही दोन कामे वेगळी नाहीत, हे मेंढ्याने दाखवले.

(७)

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग लेखकाला झाडपाल्याचा गौरव करायचा आहे. तसे नाही. झाडपाला जेथे हरतो तेथे लेकरू मरते, आणि मेलेल्या लेकरापुढे अस्मितेची भाषा निरुपयोगी ठरते.

झाडीपट्टीत ‘डब्बा’ म्हणून एक आजार सांगतात. बाळाला धाप लागते, बरगड्यांखाली खड्डे पडतात, पोट वरखाली होते. हा बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो. त्यावर कोठे बिब्याची फुली, कोठे तापल्या लोखंडाचा डाग. सुश्रुताने शूद्र बाळंतिणीच्या वाट्याला बिबा दिला होता. आम्ही तो आमच्याच लेकराच्या पोटावर लावला. डागाने न्यूमोनिया बरा होत नाही, अडुळशानेही होत नाही. अडुळशातील एका द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले हे खरे. पण फुप्फुसातील जंतू मारायला प्रतिजैविकच लागते.

सिकलसेलचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. पूर्व विदर्भातील आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा रक्ताचा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. केंद्र सरकारची निर्मूलन मोहीम सुरू झाली २०२३ मध्ये. मधल्या पासष्ट वर्षांत किती मुलांचे सांधे सुजले, डोळे पिवळे झाले आणि त्यांना वात म्हणून, काविळ म्हणून, करणी म्हणून काय काय पाजले गेले! रक्ताची साधी तपासणी, वेळेवर लसी, हायड्रॉक्सीयुरिया यांनी ही मुले पुष्कळ बरी जगू शकतात. त्यांना मुळी विकणारा आणि तपासणी न पोचवणारी व्यवस्था, दोघेही सारखेच दोषी.

आणि भूक? तिच्यावर कोणत्याही संहितेत काढा नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगार बायका लेकराला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. ते औषध नव्हते. आईच्या सुट्टीची ती जागा भरून काढत होती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूति-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. स्वतःची चार लेकरे गमावलेला बाप तो. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला होता. आज चैत्र-वैशाखात तेंदूपान तोडायला जाणारी बाई ओल्या अंगाने, पाठीला बाळ बांधून रानात जाते. तिच्या लेकराचे पहिले औषध म्हणजे तिची मजुरी आणि तिची विश्रांती.

(८)

याच गडचिरोलीत वाटणी मोडल्याचे उदाहरण घडले. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालकांच्या न्यूमोनियावर त्यांनी जो प्रयोग केला तो १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार देणाऱ्यांत गावच्या दायाही होत्या. मिनिटाला किती श्वास, हे मोजले की न्यूमोनिया ओळखता येतो. पण मोठी गणती न येणाऱ्या बाईने मोजायचे कसे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन तयार केले गेले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ५८ गावांत हा उपचार दिला गेला, ४४ गावांशी तुलना केली गेली. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजारी ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची काळजी गावातल्याच प्रशिक्षित बायांनी घरी जाऊन घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

या आकड्यांचा अर्थ आपण आपल्या भाषेत लावला पाहिजे. रेवतीकल्पाने जिच्या सावलीने बाळ मरते असे लिहिले, तिच्याच हाती श्वास मोजायचे साधन आणि औषध दिले तेव्हा बाळ वाचले. निरक्षर बाईला मात्रा कळत नाही, योग कळत नाही, हा दोन हजार वर्षांचा दावा त्या मण्यांनी खोटा पाडला. तिला ते कधीच कळत नव्हते असे नाही; तिला ते कधी शिकवलेच गेले नव्हते.

जुन्या ज्ञानाचे काय करायचे, याचाही धडा जगात आहे. चीनच्या तू यूयू यांनी एका प्राचीन ग्रंथातील वनस्पतीचा धागा धरून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी ग्रंथाची पूजा केली नाही. तो प्रयोगशाळेत नेऊन तपासला. हिवतापाने पोळलेल्या गडचिरोलीत आज तेच औषध मुलांना वाचवते. आपल्या कुड्याला, पळसाला, भुईनिंबाला हीच कसोटी लावली पाहिजे. खरे उतरेल ते गावाच्या नावाने नोंदवावे; खोटे उतरेल ते, आजीचे असले तरी, सोडावे. ‘स्वतः पारखून घ्या’ ही बुद्धाची शिकवण झाडालाही लागू आहे आणि ग्रंथालाही.

या जिल्ह्यांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मला काही सुचवायचे आहे. आपल्या गावातील दाया आणि पुजारी वृद्ध होत आहेत. त्यांच्याकडून झाडांची नावे गोंडीत, माडियात, झाडीबोलीत उतरवून घ्या. कोणत्या आजाराला, किती, केव्हा थांबवायचे, हेही विचारा. ही नोंद ग्रामसभेच्या मालकीची ठेवा. ती कोणा व्यापाऱ्याच्या, संशोधकाच्या किंवा आपल्याही नावावर करू नका. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर धाप लागलेल्या बाळाचे श्वास कसे मोजायचे ते लिहा : दोन महिन्यांखाली मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाखाली पन्नास, पाच वर्षांखाली चाळीस झाले की दवाखाना. हगवणीला आधी मीठ-साखरेचे पाणी आणि पेज. सिकलसेलची तपासणी लग्नाआधीच. दोन्ही पाने एकाच वहीत असली पाहिजेत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांच्या हातून हजारोंनी धम्म स्वीकारला. त्या दिवशी आपण जन्मावर ठरणारा अधिकार नाकारला. जन्मावर ठरलेले ज्ञानही त्यातच येते. मुळी खणणाऱ्या हातांना मात्राही ठरवता आली पाहिजे, आणि मात्रा ठरवणाऱ्याने मुळी खणणाऱ्याचे ऋण लिहून ठेवले पाहिजे. उकिरड्यावरच्या सुपात टाकलेला जीवक कोणीतरी उचलला म्हणून वैद्य झाला. आपल्या रानातल्या पाड्यांवर आजही किती जीवक सुपात पडलेले आहेत, याची मोजदाद करणे हेच आपल्या चळवळीचे पुढचे काम आहे.